हातमोज्यातला एक तास

गहिनीनाथ सानपच्या उजव्या हातात कापरं भरतंय हे त्याच्या बायकोला कळलं नव्हतं, मला कळलं नव्हतं, त्याला स्वतःलासुद्धा नव्हतं. सगळ्यात आधी कळलं ते मावशीला.

मावशी म्हणजे कुणी बाईमाणूस नव्हे. सरकारचं यंत्र. आवाज बाईचा, बोलणं गोड, म्हणून लायनीवरच्या कुणीतरी मावशी म्हटलं आणि तेच नाव पडलं. पण तिच्याआधी थोडं कारखान्याचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा रोहिदास कड सातवी नापास, कुठून कुठं जातोय.

मी चाकणचाच. वीस वर्षांचा होतो तेव्हा आमच्याकडं मोटारी बनवणारे कारखाने इतके, की सकाळी शिफ्टच्या बसा सोडून रस्त्यावर दुसरं वाहन दिसायचं नाही. मग बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्या. तुम्ही मोबाइलवर बोट टेकवता, गाडी दारात येते, तुम्हाला सोडते आणि दुसऱ्याकडं निघून जाते. ती दिवसाचे बावीस तास फिरते. मग दहा घरांना दहा गाड्या लागतील कशाला? एकीत भागलं. आणि ती एक गाडीपण परदेशात कशी बनते, तर इडलीसारखी. आमच्याकडं सत्तर पत्रे जोडून गाडीचं बूड व्हायचं, तिकडं पातळ धातू साच्यात ओतला की अख्खं बूड एका घाण्यात बाहेर. आता सांगा, आम्ही पुरणार का?

कारखाने बंद पडायला लागले. सरकारनं मदत दिली. मालकांनी मदत घेतली, तिच्यात यंत्राचे हात आणले आणि माणसं घरी पाठवली. विधानसभेत बोंब झाली, की लोकांचा पैसा माणसं काढायला दिला का? मग नवा कायदा आला, हस्तश्रम आधार. म्हणजे मदत कारखान्याला नाही, हाताला. माणसाच्या हातानं केलेल्या प्रत्येक खऱ्या तासामागं आधार. आणि हात खरा की खोटा हे बघायला मावशी.

आता ती बघायची कसं, ते माझ्या भाषेत सांगतो. तुम्ही बोट हलवता ना, ते बोट बोटात हलत नाही. इथं, कोपराच्या खाली जी मांसाची गादी असते तिथून दोऱ्या ओढल्या जातात. ओढताना तिथं बारीक वीज खेळते. इतकी बारीक की तुम्हाला जन्मात कळायची नाही. आम्हाला कोपरापर्यंतचा हातमोजा दिला होता, आत केसासारख्या तारा. त्या तारा ती वीज ऐकायच्या आणि मावशीला सांगायच्या. आठ तासांच्या पाळीत सहा तास काम भरलं पाहिजे. शंभरातले दोन तास जरी खोटे निघाले, तरी अख्ख्या कारखान्याचा आधार बंद.

कॅमेरे लावायचे ठरले होते, पण युनियननं हाणून पाडलं. आमची अब्रू आहे, कॅमेरा नको, हातमोजा चालेल! आम्ही गुलाल उधळला त्या दिवशी.

मी आणि गहिनीनाथ दारावर होतो. गाडीला दार बसवणं. तुम्ही म्हणाल त्यात काय, चार बोल्ट. बसवून दाखवा. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आली पाहिजे आणि दाराचा पत्रा शेजारच्या पत्र्यापेक्षा वरखाली अंगठ्याला लागला नाही पाहिजे. डोळ्यानं ते दिसत नाही, बोटाला कळतं. गहिनीनाथ पाथर्डीकडचा, उसाच्या फडातून आलेला. पण त्यानं बसवलेलं दार लागायचं तेव्हा एकच आवाज यायचा. ठप्प. खुळखुळ नाही, काही नाही. नवीन साहेब आला की आम्ही त्याला डोळे मिटून आवाज ऐकायला लावायचो.

तर असा तो हात. एक दिवस चहाला बसलो होतो. त्याचा हात मांडीवर नुसता ठेवलेला आणि आपोआप थरथरत होता. अंगठा आणि पहिलं बोट, जसं काही तंबाखू चोळतोय.

मी म्हटलं, "सोडलीस ना तंबाखू?"

"सोडली."

"मग काय चोळतोयस?"

त्यानं हाताकडं बघितलं. डाव्या हातानं तो दाबून धरला. म्हणाला, "आरं, हे आपलं आपणच चालतंय. तीन महिने झाले."

पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, मेंदूतल्या काही पेशी वाळत चालल्यात. गोळ्या आहेत, पण गहिनीनाथचं कापरं गोळ्यांना दाद देणाऱ्यातलं नाही. ऑपरेशन आहे. मेंदूत बारीक तार सोडायची, छातीत पेसमेकरसारखी डबी बसवायची, ती डबी मेंदूला सारखे हलके झटके देते आणि हात शांत होतो. घरचं विकूनही परवडायचं नाही, पण आधार कायद्यात ते फुकट होतं. अट एकच. छत्तीस महिने सलग, रोजचे सहा तास पूर्ण. गहिनीनाथचे बावीस झाले होते. आणखी चौदा काढायचे होते.

आणि त्याचे रोजचे पाचच भरत होते.

"सांगून टाकू का म्हस्केला?" तो म्हणाला. म्हस्के आमचा सुपरवायझर.

सांगितलं. म्हस्के वाईट माणूस नाही. त्यानं दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सानप, हे तू मला बोलला नाहीस, मी ऐकलं नाही. आजारी म्हणून कागद वर गेला की तू अपात्र. मागच्या कारखान्यात मी बघितलंय. तोंड शिव."

आम्ही तोंड शिवलं.

आता आमच्या लायनीवरची एक रीत सांगतो. हातमोजे यायच्या आधीपासूनची, माझ्या आधीच्या लोकांपासूनची. शेजाऱ्याचं काम अडलं की आपण ओढायचं. कुणाच्या पोरीचं लग्न असो, कुणाचं पोट बिघडलेलं असो, कुणी रात्रभर दवाखान्यात बसून आलेला असो. तो उभा राहायचा, दोन्हीकडचे दोघं त्याची गाडी पुढं काढायचे. त्याबद्दल कुणी आभार मानायचं नाही. मानले तर शिव्या बसायच्या. ज्यानं शेजाऱ्याची गाडी ओढली नाही, त्याच्या शेजारी कँटीनमध्ये कुणी बसायचं नाही.

म्हणून मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. चहाच्या दोन सुट्ट्या आणि जेवणाची एक, मिळून तास होतो. सुट्टीत हातमोजा काढायची परवानगी होती. मी माझा काढायचो, खुंटीला लावायचो, आणि गहिनीनाथचा घालायचो. त्याची राहिलेली दारं बसवायचो. तो शेजारी खोक्यावर, हात गुडघ्यांत दाबून. म्हस्के तेवढ्यात लघवीला जायचा. रोज तीनदा. आम्ही म्हणायचो, म्हस्केला साखर झालीय.

मला वाटायचं, मावशी हाताची हालचाल मोजते. हात कुणाचा का असेना, काम तर झालं ना? दार तर बसलं ना? अकराशे माणसांत एका माणसाचा एक तास, कुणाला सापडतोय?

घरी मात्र सापडलो. डबा रोज तसाच परत यायचा. पंधरा दिवस शोभा काही बोलली नाही. सोळाव्या दिवशी डबा माझ्यासमोर आपटला.

"कोण वाढतंय तुम्हाला?"

"म्हणजे?"

"सत्तावन्न वर्षांचे झालात. पोट तर दिसतंय तेवढंच आहे. म्हणजे जेवताय कुठंतरी. नाव सांगा फक्त, मी येऊन बघते, माझ्या मेथीपेक्षा तिची काय चांगली आहे!"

मी हसत सुटलो, मग सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून डब्यात पोळीची गुंडाळी द्यायला लागली, चालता चालता खाता येईल अशी. दोन. एक गहिनीनाथला.

असे नऊ महिने गेले. बावीसचे एकतीस झाले. त्याचा हात बिघडत गेला. शर्टाची बटणं लागेनात, म्हणून मंगलनं, त्याच्या बायकोनं, आतून चिकटपट्टी शिवून दिली. पण पाचच महिने राहिले होते. तो बोटं मोजायचा. डाव्या हाताची.

मग विधानसभेत कुणीतरी प्रश्न विचारला. साधाच. आधार कायद्यात इतकी वर्षं मदत जातेय, त्यातली खऱ्या हातांना किती पोचली? सात दिवसांत उत्तर द्यायचं होतं. मुंबईहून एक अधिकारी आली. तनिष्का वाळिंबे. तिशीतली पोरगी, पायात साधी चप्पल, डोळ्यांखाली काळं. तिनं कँटीनमध्येच जाहीर सुनावणी लावली, सकाळी दहा वाजता. अकराशे माणसं बाकांवर. स्पीकरमधून मावशी.

पहिलं नाव पुकारलं, गहिनीनाथ सानप. त्याच्या हातमोज्यात रोज तासभर दुसराच हात सापडला होता.

सुनावणीचं कळलं तशी मला शंका आलीच होती, मी आदल्या दिवशी त्याला सांगून ठेवलं होतं. "तू काही बोलायचं नाही. मी सांगतो, मी चोरून घालायचो. तुला पत्ता नव्हता. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, माझ्या डोक्यात तार घालायची नाहीये."

तो म्हणाला, "आणि शोभावहिनीला काय सांगशील?"

"तिनंच सांगितलंय असं बोलायला." ते खोटं होतं. शोभाला मी विचारलंच नव्हतं.

तर मी उठलो. माइक हातात घेतला. म्हटलं, "मॅडम, हातमोजा त्याचा, हात माझा. सुट्टीत खुंटीवरून मी चोरून घ्यायचो. मला आपलं जास्त काम दिसावं म्हणून. सानपला काही ठाऊक नाही."

"काका," ती म्हणाली, "तुमच्या कामाचे तास त्यांच्या नावावर जात होते. तुम्हाला काय फायदा?"

कँटीनमध्ये कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "मी सातवी नापास आहे, मॅडम. हिशोब चुकला."

तिला हसू आलं असावं. तिनं मान खाली घातली. मग म्हणाली, "मला विचारावं लागेल." आणि मावशीला विचारलं, की हातमोजा चोरला होता का.

मावशी तिच्या त्या गोड आवाजात बोलली. "नाही. प्रत्येक वेळी हातमोजा गहिनीनाथ सानप यांनी स्वतः काढला. रोहिदास कड यांनी तो चढवल्यावर कोपराजवळचा पट्टा दुसऱ्या माणसाच्या बोटांनी आवळला गेला. त्या बोटांचा कंप तारांना लागत होता, सेकंदाला पाच वेळा. तो कंप सानप यांचा आहे. पट्टा बसायला सरासरी अडतीस सेकंद लागत."

अडतीस सेकंद. मला ते आठवतात. मी म्हणायचो, सोड, मी लावतो. तो म्हणायचा, एवढं तरी मला करू दे.

गहिनीनाथ उठून उभा राहिला. "खरं हाय," म्हणाला. "पट्टा मी लावायचो."

मला वाटलं, संपलं. आम्ही दोघं संपलो, निदान कारखाना राहील. आमचा एक तास अकराशे माणसांत काहीच नाही. मी तसं बोललोही. "आम्हा दोघांना काढा मॅडम, बाकीच्यांचं कशाला थांबवता?"

वाळिंबेनं कागद उलटला. मग म्हणाली, "तुम्ही दोघंच नाही आहात."

तिनं यादी वाचली नाही. नुसता आकडा सांगितला. तीनशे चाळीस हात. कारखान्यातले शंभरातले पाच तास खोटे.

मग एकेक माणूस शेजाऱ्याकडं बघायला लागला. रंगकामातल्या सिंधू आवटेची बोटं संधिवातानं वाकलेली, तिच्यासाठी दोघी जणी. काच बसवणाऱ्या एकाला खांदा उचलेना, त्याच्यासाठी त्याचा मेव्हणा. पंधरा वर्षं नवीन पोरं भरतीच झाली नव्हती हो. सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळ्यांचे हात गेलेले, आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याच शेजाऱ्याचा एवढा एक तास. आम्ही एकमेकांना इतकं धरून ठेवलं होतं की सगळे मिळून बुडालो.

म्हस्के भिंतीला टेकून उभा होता. त्यानं तोंडावर हात घेतला होता.

मी माइक सोडला नव्हता. मी विचारलं, "मावशीला हे कळलं कधी?"

"पहिल्या आठवड्यात," स्पीकरमधून आवाज आला. तिला वाटलं, प्रश्न तिलाच आहे. "प्रत्येक माणसाच्या हाताची वीज वेगळी असते. दुसरा हात पहिल्या मिनिटात ओळखू येतो."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"दर महिन्याच्या पाच तारखेला अहवाल पाठवला. एकूण एकतीस अहवाल."

मी वाळिंबेकडं बघितलं. तिनं विचारलं, "हे अहवाल किती वेळा उघडले गेले?"

"एकदा. मागच्या मंगळवारी."

"कुणी?"

"आपण."

लोकांनी बाक वाजवायला सुरुवात केली. शिव्या सुरू झाल्या. तिनं थांबवलं नाही. सगळं शांत झाल्यावर म्हणाली, "अजून एक आहे. मला सांगायची गरज नाही, पण मी सांगणार आहे." आणि तिनं एक कागद वाचला. अठराव्या महिन्याचा अहवाल. त्यात गहिनीनाथचं नाव होतं. लिहिलं होतं, उजव्या हातात कंपाची सुरुवात दिसते. कलम नऊप्रमाणे हलकं काम द्यावं, तास पूर्ण धरावेत, उपचार तातडीनं मंजूर करावेत. खाली सहीची जागा होती. मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याच्या एका सहीची.

असं तीनशे चाळीस हातांसाठी लिहिलेलं होतं. दर महिन्याला, पुन्हा पुन्हा.

म्हणजे चोरायची गरजच नव्हती. बोलला असता तरी तो अपात्र नव्हता. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ज्यांनी सांगायचं त्यांनीच वाचलं नव्हतं. अठराव्या महिन्यात तर आम्हालाही ठाऊक नव्हतं की त्याचा हात हलतोय. त्याच वेळी त्याच्या डोक्यात तार बसली असती. आज तो दारं बसवत असता.

गहिनीनाथनं माझ्या हातातून माइक घेतला. तो त्याच्या हातात इतका हलत होता की स्पीकरमध्ये खरखर व्हायला लागली. त्यानं विचारलं, "बाई, आमाला कलम लागलं. ज्यानं वाचलं न्हाई, त्याला कोणतं लागतं?"

तिनं हातातला कागद मिटला.

"तसं कलम नाही, काका," ती म्हणाली. "कायदा हात तपासतो."

तिनं तिच्या परीनं लिहिलं, मला माहितीय. अहवाल न वाचल्याची जबाबदारी ठरवावी, असं. महिनाभरानं कळलं की तिची बदली झाली. विधानसभेत उत्तर गेलं, पेपरात मोठ्या अक्षरात आलं. आधार योजनेत कामगारांची लबाडी उघड, सरकारची कडक कारवाई. ज्यानं प्रश्न विचारला होता त्यानं समाधान व्यक्त केलं. मालकानं दुःख व्यक्त केलं, कारखाना बंद केला आणि जमीन गोदामाला दिली. शेवटची गाडी लायनीवरून उतरली तेव्हा तिला तीनच दारं होती. चौथं बसवायला कुणी थांबलं नाही.

ऑपरेशनच्या यादीतून गहिनीनाथचं नाव निघालं. लबाडी करणाऱ्याला पुढची दहा वर्षं कोणत्याच योजनेत जागा नाही. मीपण त्याच यादीत आहे, पण मला काय, मी धडधाकट. शोभा आता पोळीभाजीचे डबे करते, मी पोचवतो.

गहिनीनाथनं गावी जायचं ठरवलं. चाकणच्या स्टँडवर मी सोडायला गेलो. भर दुपार, ऊन नुसतं रटरटत होतं. मंगल पुढं सामान घेऊन चढली. नगरकडं जाणाऱ्या एस.टी.ला आता ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही. दारात एक खांब असतो. त्याच्यावर उजवा अंगठा टेकवायचा, तो तुम्हाला ओळखतो, मग आत घेतो.

गहिनीनाथनं अंगठा टेकवला. थरथरला. लाल दिवा.

पुन्हा टेकवला. लाल.

"काका, आटपा!" मागून कुणीतरी ओरडलं. "गाडी सुटंल!"

त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, दाबून धरलं. तरी अंगठा घसरला. लाल दिवा. लोक मागून ढकलायला लागले. मी त्याच्यापासून एका हातावर उभा होतो. नुसतं त्याचं मनगट वरून दाबून धरायचं होतं. दोन सेकंदांचं काम. माझा हात निघालासुद्धा.

त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "नगं रोहिदास," म्हणाला. "हात लावू नगंस. तिथं पन कुनीतरी ऐकत आसंल."

मी हात खाली घेतला. तो टेकवत राहिला आणि मी बघत उभा राहिलो.